सेकंडहँड हेडसेट घेणाऱ्या स्टुडंट पायलटांनो, पैसे पाठवायच्या आधी जॅक मोजा

माझे एकूण २३,१५० रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण बँकेपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्यांनी पहिलं तेच विचारलं आणि ऐकल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर "एवढेच ना" असा भाव आला. माझ्या सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी, बाबांनी ३८ लाखांचं कर्ज काढलंय. आमच्या घरात २३,१५० हे "एवढेच" नसतात.

फ्लाइंग स्कूलचे सामायिक हेडसेट ज्यांनी डोक्याला लावलेत, त्यांना मी हे का घ्यायला गेले ते सांगायला नको. इअर सील फाटलेले, दुसऱ्याच्या घामाने चिकट झालेले, माइकची दांडी हवी तिथे थांबत नाही, वायर जरा हलली की आवाज तुटतो. टॉवरचं, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाचं, अर्धं वाक्य कानात पडतं, मग 'से अगेन' म्हणायचं आणि शेजारी बसलेल्या, शिकवणाऱ्या सरांचं ऐकून घ्यायचं. "हिची आरटी (रेडिओवरचं बोलणं) कच्ची आहे" असा शिक्का माझ्यावर बसायला लागला होता. आरटी कच्ची नव्हती, हेडसेट खराब होता. डेव्हिड क्लार्क कंपनीच्या नव्या एच १०-१३.४ हेडसेटची चौकशी केली तर ४१,५०० सांगितले. त्याहून महागड्या बोसचं तर नावच काढायला नको. म्हणून सेकंडहँड बघत होते. "स्वस्तातलं घ्यायचंच कशाला" असं मला आता ऐकवणाऱ्यांपैकी बहुतेकांना घरून लाखाचा हेडसेट मिळालेला आहे.

स्टुडंट पायलटांच्या एका गटावर जाहिरात आली: एच १०-१३.४, थोडाच वापरलेला, १७,०००, एअरलाइनमध्ये लागलो म्हणून विकतोय. गणवेशातला फोटो, खांद्यावरच्या पट्ट्या, सगळा थाट होताच. हे लोक कसं करतात ते तुम्हाला माहीत आहे. गटावर सगळं हिंदी-इंग्रजीत चालतं आणि हा माणूस माझ्याशी सरळ मराठीत बोलायला लागला. "साताऱ्याची का तू? मग हजार कमी दे." मी त्याला सर म्हणत होते. २,००० टोकन दिलं. बाकीचे १४,००० द्यायच्या आधी म्हटलं, व्हिडिओ कॉलवर हेडसेट दाखवा. एवढी काळजी मी घेतली होती, हे लक्षात घ्या.

त्या कॉलचं मला आजही झोपेत आठवतं. हिरवे कप, जेलचे सील, आवाजाचं बटण, माइक, सगळं नीट दाखवलं. मी म्हटलं, "सर, जॅक दाखवा." त्याने मूठ कॅमेऱ्यासमोर आणली. बोटांमधून एक जाडसर, चकचकीत जॅक बाहेर आलेला होता. एकच. रोज सकाळी सेस्ना १७२ विमानात बसल्यावर मी दोन जॅक लावते. कानांचा मोठा, सव्वासहा मिलिमीटरचा, आणि माइकचा बारीक, पाच मिलिमीटरचा. एक चुकून सैल राहिला तर मला न बघता कळतं. आणि त्या कॉलवर एकच जॅक समोर असताना मी धरून चालले की दुसरा मुठीत आहे. तो म्हणालाही, "दोन्ही एकत्र बांधलेत, पॅकिंग केलंय." चित्र मध्येच गोठत होतं, दुसऱ्या दिवशी पहाटेची सॉर्टी (उड्डाण) होती, आणि समोरचा माणूस माझ्याच भाषेत, माझ्याच धंद्यातलं बोलत होता. कोणीही विश्वास ठेवला असता. पण एक सेकंद "मूठ उघडा" म्हटलं असतं तर १४,००० वाचले असते, ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही.

कुरिअर आणि इन्शुरन्सचे म्हणून आणखी ८५० गेले. पार्सल उघडलं तर खरोखरच एकच जॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तो यू-१७४, हेलिकॉप्टरमध्ये आणि लष्करी विमानांत लागतो तो. विचारलं तर म्हणाला, "हो गं, मी हेलिकॉप्टरसाठी केबल बदलून घेतली होती, सांगायचं राहिलं. अडॅप्टर लागतो, २,९०० ला मिळवून देतो." असे अडॅप्टर खरोखर असतात. चांगल्या दुकानांतही मिळतात. त्याचं निम्मं बोलणं खरं होतं, म्हणूनच पकडता आलं नाही. आणि तोवर १६,८५० अडकलेले होते. ते सोडून द्यायचे का?

अडॅप्टर आला. दोन्ही जॅक बसले. विमानं उभी असतात त्या एप्रनवरूनच टॉवरकडे रेडिओ चेक मागितला. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं, रेडिओवर टीएक्स (प्रक्षेपण चालू) दिसलं, पण स्वतःचा आवाज कानात आलाच नाही. टॉवरकडून उत्तर आलं, "स्टेशन कॉलिंग, कॅरियर ओन्ली." म्हणजे माझी लहर त्यांच्यापर्यंत पोचली, तिच्यावर शब्द एकही नाही. वर सरांच्या हेडसेटमधला आवाजही एकदम बसला. जमिनीवर होतो म्हणून निभावलं. सोलोला, म्हणजे एकटी, असते आणि विमानतळाभोवतीच्या सर्किटमध्ये हे कळलं असतं तर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा कोड लावून टॉवरच्या दिव्याच्या खुणांकडे बघत उतरावं लागलं असतं. ज्याने हे विकलं त्याला हे सगळं माहीत होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

यावर त्याचं उत्तर: माइकला बायस (चालायला लागणारा व्होल्टेज) मिळत नाहीये, बायस बॉक्स लावावा लागेल, ३,४००. तेही दिले. बॉक्स आलाच नाही, नंबर बंद झाला.

मग पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत हेडसेट उघडून घेतला. दुरुस्ती करणाऱ्या काकांना विमानातलं काही कळत नव्हतं, पण दोन मिनिटांत त्यांनी मीटर लावून सांगितलं, "माइक पाच ओहमचा आहे ताई, आणि हे स्पीकर एकोणीस-एकोणीसचे." ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. माइकवर एम-८७ लिहिलेलं होतं, हा लष्करी माइकचा क्रमांक. म्हणजे हा एच १०-१३.४ नव्हेच. अमेरिकी लष्करासाठीचा एच १०-७६, लष्कराच्या सरप्लस म्हणजे जुन्या मालात स्वस्तात निघतो तो. दिसायला सारखाच, हिरवाच. मॉडेलची पट्टी खरवडून काढलेली, डिंकाचा डाग तेवढा राहिलेला. आपल्या छोट्या विमानांचा रेडिओ माइकच्या वायरीवर ८ ते १६ व्होल्ट सोडतो आणि माइकमधला छोटा अॅम्प्लिफायर त्यावर चालतो. लष्करी डायनॅमिक माइकला तसा अॅम्प्लिफायरच नसतो, त्यामुळे नुसता अडॅप्टर लावून तो कधीच बोलणार नाही. आणि कानाकडचे ओहम इतके कमी की इंटरकॉमवर समांतर जोडलेल्या दुसऱ्याचाही आवाज हा खेचून घेतो. सरांचा आवाज बसला तो त्यामुळे.

मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. कानाच्या जॅकच्या टोकावर आणि बुडाशी लावा. शंभराच्या वर ओहम आले तर ठीक; दहा-वीसच्या घरात आले तर पैसे परत मागा. माइक पाच ओहमच्या आसपास दाखवत असेल तर अडॅप्टरच्या गोष्टी ऐकूही नका.

आता तक्रारीचं. १९३० वर फोन केला, नोंद झाली, क्रमांक मिळाला. पण शेवटचा हप्ता जाऊन बरेच दिवस झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही शंका आली त्याच तासाला फोन करा, समोरच्याशी भांडत बसू नका. बँकेने सांगितलं, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात बाबांना बरोबर घेऊन गेले. अंमलदारांनी अर्जात 'हेडफोन' लिहिलं. मी म्हटलं, हेडफोन नाही, विमानाचा हेडसेट आहे, याच्याशिवाय टॉवरशी बोलता येत नाही. ते म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे." बाबा शांतपणे म्हणाले, साहेब, सांगितलं एक आणि पाठवलं दुसरं, याला दुसरं काय म्हणतात? तर उत्तर मिळालं, "काका, मुलीला दुकानातून घेऊन द्यायचं ना." बाबा परत येताना एक शब्द बोलले नाहीत. ते मला २३,१५० पेक्षा जास्त लागलं.

सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यात द्या. स्थानिक ठाणं म्हणालं, ऑनलाइन आहे, सायबरकडे द्या. ज्या खात्यात पैसे गेले ते दुसऱ्या राज्यातलं, त्यामुळे दोघांचंही म्हणणं, तिकडे जा. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो हे मी कायद्याच्या कलमासकट सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, तर मला विचारलं, "वकिली शिकता का विमान?" शेवटी अदखलपात्र म्हणून कागद हातात दिला. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, पण विकणारा दुकानदार नसून एक सुटा माणूस असला की ते प्रकरणही लुळं पडतं. म्हणून बिल देणाऱ्याकडूनच घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी.

गटाच्या अॅडमिनने तर कमालच केली. मी स्क्रीनशॉटसकट सगळं लिहिलं. ते काढून टाकलं आणि मला खासगीत कळवलं की गटाचं वातावरण बिघडवू नका. त्या माणसाच्या जाहिराती मात्र वेगळ्या नावाने तशाच चालू आहेत. माझ्या बॅचमधल्या एकाला त्याने ६,५०० ला 'एअरबँड हँडहेल्ड', म्हणजे टॉवरशी बोलायचा हातातला रेडिओ, देऊ केला होता. तपशील बघितला तर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, एफएम. आपला टॉवर बोलतो ११८ ते १३७ मध्ये, तेही एएमवर. तो वॉकीटॉकी टॉवरशी बोलूच शकत नाही, आणि विनापरवाना ट्रान्समीटर बाळगल्याचं लफडं तुमच्याच गळ्यात. फसल्यावर तक्रारही करता येणार नाही, हे त्याला बरोबर माहीत आहे.

मी आता पोलीस अधीक्षकांना बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३(४) खाली लेखी अर्ज पोस्टाने पाठवलाय. ठाण्यात नोंद घेत नसतील तर तुम्हीही हेच करा, पोचपावती जपा, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पार्सलचं खोकं, त्यावरची चिठ्ठी, चॅट, काहीही टाकू नका.

बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही शिकत असा. हिरवा हेडसेट, मॉडेलची पट्टी गायब, डाव्या कपावर डिंकाचा चौकोनी डाग आणि मराठीत गोड बोलणारा विक्रेता दिसला, तर एक पैसाही पाठवू नका. आधी त्याला मूठ उघडायला सांगा.