हास्ययोग: मैदानात उभे राहून की पडद्यासमोर?

हास्ययोग करून पाहायचे नक्की झाले आहे, पण समोरासमोरच्या गटात जावे की व्हिडिओ कॉलवरील वर्गात नाव नोंदवावे, येथे ज्यांचे अडले आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. मी दोन्ही करून पाहिले: आधी सुमारे आठ महिने पडद्यासमोर आणि त्यानंतर दीड वर्ष मैदानात. हा क्रम मुद्दाम सांगतो, कारण जे सध्या चालू आहे त्याकडे मन नकळत झुकते. तेवढी वजावट वाचकाने माझ्या मतातून अवश्य करावी.

व्यायामांच्या बाबतीत निवडीसारखे काही नाही. टाळ्यांच्या ठेक्यावर ‘हो हो, हा हा हा’, मधूनमधून दीर्घ श्वसन, सिंहहास्य (जीभ बाहेर काढून हसणे), मौनहास्य (आवाज न करता हसणे) आणि शेवटी थोडी विश्रांती हा वीस-तीस मिनिटांचा क्रम दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो.

पडद्याची बाजू कमकुवत आहे असे मुळीच नाही. कारण नसताना मोठ्याने हसण्याची लाज ही या अभ्यासातली पहिली आणि बहुधा सर्वांत मोठी अडचण असते, आणि कॅमेरा बंद ठेवण्याची सोय ती बरीच हलकी करते. पहिले दोन आठवडे मीही कॅमेरा बंदच ठेवला होता, आणि ती मुभा नसती तर तिसऱ्या दिवशीच मी हा नाद सोडला असता. ज्यांना फार वेळ उभे राहता येत नाही, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे किंवा ज्यांच्या जवळपास गटच नाही, त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. त्यांच्यासाठी पडदाच योग्य आहे.

माझे मत मात्र एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने फिरवले, आणि ती म्हणजे म्यूटचे बटण. व्हिडिओ कॉलची यंत्रणा एका वेळी एकाने बोलावे अशा बेताने घडवलेली असते. वीस जण एकदम हसू लागले की तिला त्यात हसणे ऐकू येत नाही, गोंगाट ऐकू येतो. मग ती एकाचा आवाज पुढे आणते, दुसऱ्याचा कापते, तिसऱ्याचा क्षणभर उशिरा पोहोचवते. ‘हो हो’चा ठेका दोन मिनिटांत विस्कटतो आणि वर्ग घेणारी व्यक्ती नाइलाजाने सर्वांना म्यूट करते. त्यानंतर समोर दिसतात त्या केवळ आ वासलेल्या तोंडांच्या चौकटी, आणि खोलीत ऐकू येतो तो फक्त आपला एकट्याचा आवाज. शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले असेल, तर तोही आपण दाबतो. दबलेल्या हसण्यात श्वास छातीतच अडकतो; पोट हलत नाही आणि उच्छ्वास पुरता होत नाही. एरवी हसणे म्हणजे एकामागून एक येणारे लहान उच्छ्वासच असतात, आणि हास्ययोगाचा शारीरिक लाभ जो काही आहे, तो मला वाटते बराचसा तेथेच आहे.

डॉ. मदन कटारिया यांनी 1995 च्या मार्चमध्ये मुंबईतील एका उद्यानात अवघ्या पाच जणांसह पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा सुरुवात विनोद सांगण्यापासून झाली होती. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि विनोदाशिवाय, केवळ व्यायाम म्हणून हसण्याची पद्धत पुढे आली. मुद्दाम सुरू केलेले हसू खरे होते ते एकमेकांच्या डोळ्यांत पाहून, हा या पद्धतीचा कणा आहे. पडद्यावर हा कणाच मोडतो: समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे तर नजर कॅमेऱ्यावरून ढळते, आणि कॅमेऱ्याकडे पाहावे तर चेहरा दिसत नाही.

अमेरिकी मेंदूविज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात माणसे एकटी असतानापेक्षा इतरांच्या सोबतीत सुमारे 30 पट अधिक हसताना आढळली. ऑक्सफर्डमधील रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनमोकळ्या हसण्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. हे दोन्ही अभ्यास हास्ययोगाचे नव्हेत, सर्वसाधारण हसण्याचे आहेत, आणि खुद्द हास्ययोगावरचे बरेच प्रयोग लहान गटांवर झालेले आहेत. म्हणून रक्तदाब, प्रतिकारशक्ती वगैरेंबद्दलचे मोठे दावे मी तरी जपूनच ऐकतो.

माझे मोजमाप घरगुती आहे. पडद्यासमोरच्या दिवसांत सत्रानंतर माझे तळहात दुखत, कारण टाळ्या तेवढ्या मनापासून वाजत. मैदानातल्या दिवसांत गाल दुखतात. पहिल्या प्रकारानंतर आलेली तरतरी आंघोळ उरकेपर्यंत टिके, दुसऱ्यानंतरची बहुधा दुपारपर्यंत टिकते, आणि त्या काळात कामातला एखादा आडमुठा माणूस भेटला तरी आवाज चढत नाही. सकाळी चालणे आणि मोकळी हवा यांचाही त्यात वाटा असेल. तो वेगळा काढणे मला जमलेले नाही.

आणखी एक फरक सुरक्षिततेचा आहे. हर्निया, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काचबिंदू, अपस्मार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गर्भारपणाचे शेवटचे महिने असतील, तर दोन्ही प्रकारांपूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यकच आहे. पण मैदानात कोणी पोट धरून वाकला तर शेजारचा लगेच थांबवतो, पडद्यावरची चौकट छातीशीच संपते.

मैदानाची उणीव लपवत नाही. गटात एखादे तरी अतिउत्साही गृहस्थ असतात, जे तुमच्या कानाशी येऊन सिंहहास्य करतात. वेळही ठरलेली असते, पाच मिनिटे उशीर झाला तर हसणाऱ्या वर्तुळात ओशाळल्या चेहऱ्याने शिरावे लागते. तरीही निर्णय माझ्यावर सोपवला, तर लाज मोडेपर्यंत महिनाभर पडदा आणि पुढे मैदान, असे मी सुचवीन.

ज्यांना गट मिळणारच नाही, त्यांच्यासाठी वीस चौकटींच्या वर्गापेक्षा एका ओळखीच्या माणसाला साधा फोन लावून दहा मिनिटे हसणे मला अधिक उपयोगी वाटले. दोघेच असले की कोणाला म्यूट करावे लागत नाही.