क्यूजीआयएस आठ महिने वापरल्यावर: दहा अक्षरांनी घातलेला घोळ

क्यूजीआयएस म्हणजे नकाशे बनवायचं नि तपासायचं सॉफ्टवेअर, जास्त सांगत बसत नाही. किशोरवयीन मुलामुलींचे आरोग्य कार्यक्रम कुठे घ्यायचे हे ठरवायला वापरतोय, आणि घेतलं ते केवळ चकटफू म्हणून, लायसन्सला पैसे घालायची माझी तयारी नव्हती.

मागच्या महिन्यात मात्र डोकं फिरलं. 10 ते 14 आणि 15 ते 19 अशा दोन वयोगटांचे दोन कॉलम होते, शेपफाइलमध्ये (नकाशाचा डेटा साठवायचा जुना फाइल प्रकार) सेव्ह केले आणि नावातलं वयच गायब! शेपफाइलला कॉलमच्या नावात दहाच अक्षरं चालतात, आणि इंग्रजीत अडोलेसेंट लिहिलं की बरोब्बर दहा भरतात. पुढचं छाटलं, दुसऱ्या कॉलमच्या नावाला नुसतं 1 या आकड्याचं शेपूट. त्यात सहकाऱ्याने कॉलम मागेपुढे करून फाइल परत पाठवली, झालं, 15 ते 19 वाल्यांच्या समुपदेशन केंद्राचा नकाशा आम्ही 10 ते 14 च्या आकड्यांवर रंगवून बसलो. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस मुख्यतः 9 ते 14 च्या मुलींसाठी, अठराच्या पोरीचे प्रश्न वेगळेच, सगळ्यांना एका रंगात कसं बसवणार? मीटिंगमध्ये एक ताई म्हणाल्या, अहो, या भागात मोठी पोरं आहेतच कुठे, तेव्हा कुठे कळलं.

एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण शोधलं तर फॉरमॅटच नव्वदच्या दशकातला निघाला. 2018 च्या 3.0 आवृत्तीपासून क्यूजीआयएस बिचारं स्वतःहून जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार पुढे करतं, मीच सवयीने शेपफाइल निवडत होतो. तरी नाव छाटताना जरा ओरडायला काय जातं?

खूश केलं ते सर्व्हिस एरियाने, म्हणजे रस्त्याने ठरावीक अंतरात कुठवर पोचता येतं ते दाखवणाऱ्या टूलने. आधी मी दवाखान्याभोवती पाच किमीचा बफर (सरळ रेषेतल्या अंतराचा गोल) मारून 'कव्हर झालं' म्हणायचो (पहिल्यांदा तर 4326 मध्येच मारला, त्या पद्धतीत अंतर अंशांत मोजतात, म्हणजे पाच अंश, एक अंश साधारण 111 किमी, अख्खा नकाशा गोलात गेला). ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचे रस्ते घालून अंतर काढलं तर गोलातली एक वस्ती नदीपलीकडे, पूल लांब, पोरांना दुप्पट चालावं लागतं. टूल नुसत्या रेषा देतं, त्यांना परत बफर मारायचा, मग वर्ल्डपॉपचा 100 मीटरच्या चौकटींतला वयोगटवार लोकसंख्येचा ग्रिड टाकून झोनल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे त्या भागातल्या आकड्यांची बेरीज. अर्थात तो अंदाजच, वस्तीत जाऊन विचारणं सुटत नाही. आणि दवाखाना नेमका शाळेच्या वेळेतच उघडा असतो, हे नकाशाला काय कळणार.

आता कॉलमची नावं वयाच्या आकड्यानेच सुरू करतो. चार स्टार. पाचवा त्या दहा अक्षरांपायी कापला, दोष याचा नसला तरी.