३५ सीसी पेट्रोल एरोबॅटिक आरसी (रेडिओ कंट्रोल) विमान: कोल्हापुरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

विमान एक्स्ट्रा ३०० च्या धाटणीचं. बाल्सा-प्लायचा सांगाडा, त्यावर इस्त्रीनं बसवलेलं फिल्मचं कव्हरिंग, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७४ इंच, वजन टाकी रिकामी असताना साडेपाच किलोच्या आसपास. पुढं ३५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि १९x८ इंची लाकडी प्रॉप (पंखा). उडायला झकास आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण घेणारे सगळे प्रश्न उडण्याबद्दलच विचारतात आणि विमान जातं ते खराब पेट्रोलनं नाहीतर ढिल्या बोल्टनं. त्यामुळं इथं जास्त त्याबद्दलच लिहितोय.

आधी पेट्रोल. पंपावर आता ई२० मिळतं. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलच्या नावानं बोटं मोडायची पंचाईत आहे, पण डायफ्राम कार्ब्युरेटरला ते मानवत नाही. या कार्बमध्ये दोन पातळ पडदे असतात. एक पेट्रोल ओढतो, दुसरा मोजून सोडतो. मोजणारा पडदा कडक झाला की आयडल ठीक, फुल थ्रॉटल ठीक, पण मधे थ्रॉटल उघडला की इंजिन अडखळतं. सुया (मिश्रण कमी-जास्त करायचे स्क्रू) फिरवल्या की दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. अशा वेळी सुयांच्या मागं लागू नका, कार्बचं किट बदला. किट बदलताना आतली बारीक जाळीही धुऊन घ्या. माळावरची तांबडी धूळ तिथंच बसते.

दुसरा त्रास पावसाळ्यातला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धा भरलेला कॅन जुलैत महिनाभर पडून राहिला तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसू शकतो. टाकीतला क्लंक (लवचिक नळीच्या टोकाचं वजन, त्यातूनच पेट्रोल जातं) नेमका तळाचंच ओढतो आणि त्या थरात टू-टी तेल जवळजवळ नसतं. म्हणजे इंजिन बंद पडलं तर नशीब म्हणायचं, चालत राहिलं तर पिस्टन घासणार. लिटरभरच मिसळा, दोन-तीन आठवड्यांत संपवा. मैदानावरून निघताना टाकी रिकामी करून इंजिन स्वतःहून थांबेपर्यंत चालवा. टाकीतली लवचिक नळी सहा महिन्यांनी बदला. ती कडक झाली की नाक खाली असताना क्लंक पुढं सरकत नाही आणि लांब डाइव्हमध्ये इंजिन हवा ओढतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी कळतं. मापाच्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर ४० मिलीच्या आसपास गेला तर इथेनॉल साधारण २० टक्के. महागड्या १०० ऑक्टेनवरही हीच चाचणी करून मग पैसे घाला. चाचणीचं पेट्रोल इंजिनात घालायचं नाही.

तेलाचं प्रमाण: पहिले चार-पाच लिटर ३०:१, म्हणजे लिटरला ३३ मिली सिंथेटिक. पुढं ४०:१, म्हणजे २५ मिली. दोन्ही सुया (लो आणि हाय) दीड आटा उघडून सुरुवात करा. इंजिन गरम झाल्यावर हाय सुई कमाल आरपीएमपर्यंत आवळा आणि तिथून साधारण २०० आरपीएम उतरेपर्यंत परत सोडा. जमिनीवर कमाल दिसतो तिथंच ठेवली तर हवेत प्रॉपवरचा भार कमी होतो, आरपीएम वाढतात आणि मिश्रण लीन पडतं (पेट्रोल कमी, हवा जास्त). कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवा पाच-सहा टक्के विरळ. त्यामुळं किनाऱ्यावर सेट केलेलं इंजिन घाट चढून इथं आलं की किंचित रिच (पेट्रोल जास्त) चालतं. प्लग काळा दिसला तर आधी हे आठवा. प्लगचा गॅप अर्धा मिमी.

काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) हवा आत येते त्या भोकाच्या निदान अडीचपट जागा बाहेर जायला हवी. किटमध्ये ती कापून येत नाही. एप्रिलच्या दुपारी हॉवर (नाक वर करून एका जागी तरंगत ठेवणं) करताना इंजिन मलूल होतं त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं, कार्ब नव्हे.

आता कंप. एकच सिलिंडर, त्यामुळं सगळं विमान थरथरतं. सगळ्यात आधी सुटतात मफलरचे बोल्ट. निळा थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) तिथल्या उष्णतेत मऊ पडतो, म्हणून तिथं पाचर पद्धतीचे लॉक वॉशर घाला आणि पहिल्यांदा तापून गार झाल्यावर पुन्हा आवळा. इंजिन माउंटच्या बोल्टांना निळा चालतो. लाकडी प्रॉपचा मधला भाग पावसाळ्यात फुगतो आणि दिवाळीनंतर आकसतो. जूनमध्ये घट्ट असलेले बोल्ट डिसेंबरात बोटानं फिरतात, कुणी हात न लावता. त्यामुळं प्रत्येक वेळी पहिल्या उड्डाणाआधी ॲलन की लावून बघायचीच.

माउंटचे ॲल्युमिनियम स्टँडऑफ (इंजिन पुढं धरणारे खांब) उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून घेतले तर किटमधल्यापेक्षा चांगले होतात. चारही एकाच बैठकीत फेस करायला सांगा. सरळ वर चढताना विमान डावीकडं ओढत असेल तर डावीकडच्या दोन स्टँडऑफखाली वॉशर टाका. डाव्या-उजव्या बोल्टांमध्ये ६० मिमी अंतर असेल तर १ मिमीचा वॉशर म्हणजे साधारण १ अंश.

एलेरॉन (पंखाच्या मागची हलणारी पट्टी) असा तपासा: सर्व्होचा (ती हलवणाऱ्या मोटरचा) आर्म एका हातानं दाबून धरा आणि एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून वर-खाली करा. मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर बॉल लिंक (आर्म आणि एलेरॉन जोडणारा सांधा) बदला. हिंजच्या फटीवर खालून पारदर्शक टेप हवीच. फट आणि ढिला लिंकेज एकत्र आले की वेगात फ्लटर होतो, म्हणजे एलेरॉन स्वतःहून फडफडतो. भुर्रर्र असा आवाज ऐकू येईपर्यंत सर्व्होचे दात गेलेले असतात.

रिसीव्हरला दोन सेलची लाइफ (LiFe, लिथियम-आयर्न) बॅटरी पुरते, पण तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा उतरत नाही, त्यामुळं नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबू नका. चार्जरनं परत किती एमएएच भरले ते लिहून ठेवा आणि अर्धी क्षमता वापरून झाली की उडवणं थांबवा. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरनं काय करायचं ते) थ्रॉटल आयडलवर आणि इग्निशन बंद.

गुरुत्वमध्याबद्दल मॅन्युअलमध्ये दिलेली जागा जरा पुढची आहे. ४५ अंशात चढवा, उलटं करा, स्टिक सोडा. नाक लगेच पडलं तर बॅटरी दोन सेंटीमीटर मागं न्या. स्वतःहून वर चढू लागलं तर पुढं. नाइफ-एजमध्ये (एका कुशीवर उडताना) हे विमान पोटाकडं वळतं, रडरसोबत थोडा अप एलेव्हेटर मिक्स केला की सरळ जातं. इंजिन बंद पडलं तर ग्लाइड दगडासारखा. नाक खाली ठेवा, वेग राखा, वळण लांबवू नका.

लँडिंग गिअरची प्लेट हा खरा कच्चा दुवा. आपल्या माळावर दगड असतात, चाकांवरची कव्हरं काढून चार इंची चाकं लावा. गिअरला नायलॉनचे बोल्ट घातले तर ठोकर बसल्यावर तुटतात ते बोल्ट, प्लेट वाचते.

जागेचं म्हणाल तर विमानतळ उजळाईवाडीला, शहराला खेटून. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून रेड आणि यलो झोन बघितल्याशिवाय माळ ठरवू नका. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी २०० फुटांपर्यंतच उडवता येतं आणि लूपला तेवढं कमी पडतं. माळाच्या कडेला उभा ऊस असेल तर विमानात बझर बसवाच. पडलं तर जागचं हलू नका. फोनच्या होकायंत्रावर दिशा घ्या, दुसऱ्याला पन्नास पावलं बाजूला उभं करून त्याचीही दिशा घ्या आणि मग आत शिरा, मालकाला विचारून.