लायाट्रिस: वसंत ते थंडी, एका हंगामाचा अनुभव

शिकागोकडे राहणाऱ्यांसाठी लिहितेय. लॉनच्या कडेला इथलंच, प्रेअरीतलं (इथल्या गवताळ माळरानातलं) काहीतरी हवं होतं, म्हणून एप्रिलअखेर लायाट्रिसचे कंद आणले. दुकानात नाव ब्लेझिंग स्टार किंवा गेफेदर. कंद स्वस्त, २-३ इंच खोल पुरले की झालं, आणि त्याच उन्हाळ्यात फूल. बियांपासून लावलंत तर एवढ्या लवकर फुलत नाही.

मे-जूनमध्ये मात्र नुसतं गवत दिसतं. लॉन कापायला येणाऱ्याला जागा आधीच दाखवून ठेवा. कोवळे कोंब सशांना फार आवडतात, जाळी लागतेच.

जुलैत जांभळे तुरे आले आणि सगळं विसरायला झालं. कूळ सूर्यफुलाचं, पण कडेच्या पाकळ्या अजिबात नाहीत. बाटली धुवायच्या ब्रशासारखा तुरा. आपला निशिगंध खालून वर उमलत जातो, हा शेंड्याकडून खाली. मोनार्क फुलपाखरं आणि भुंगे दिवसभर. वरचा अर्धा तुरा उमलला की कापून फुलदाणीत ठेवा, चांगला टिकतो. फक्त खालची पानं झाडावर राहू द्या, कंद त्यांच्यावरच पोसतो. गणपतीला वाहायला म्हणून लावणार असाल तर नको. तोवर बहर ओसरलेला असतो. त्याला आपला झेंडू आणि शेवंतीच, तेही याच कुळातले.

लाड मात्र याला सोसत नाहीत. गुलाबाशेजारच्या खतावलेल्या मातीत काड्या उंच झाल्या आणि पावसात आडव्या पडल्या. फाटकाजवळच्या कोरड्या, भिकार मातीतल्या ताठ उभ्या. शिकागोजवळच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात १९६२पासून वाढवलेली शुलेनबर्ग प्रेअरी पाहिली की कारण कळतं: तिथे चारी बाजूंनी उंच गवत असतं, एकट्या काडीला पडायला जागाच नाही. हिवाळ्यात पाणी साचणारी जागाही टाळा, कंद कुजतो.

माझ्याकडे आहे ती ‘कोबोल्ड’, लायाट्रिसच्या स्पिकाटा या प्रजातीची बुटकी जात, साधारण २ फुटी. कुंड्यांसाठी ठीक. पण प्रेअरीचा खरा थाट पिक्नोस्टॅकिया या दुसऱ्या प्रजातीचा, ३ ते ५ फूट. पुढच्या वसंतात तीच घेणार, लिटल ब्लूस्टेम गवताच्या मधोमध. वाळलेल्या काड्या अजून कापल्या नाहीत. गोल्डफिंच पक्षी येऊन बी टिपतात. शेजारच्या काकूंना तो पसारा वाटतो, वाटू दे.

५ पैकी ४. एक गुण सशांनी खाल्ला.