लोणंद ते फलटण: तरुण मंडळांची वारकरी सेवा कशी आहे?

नीरेच्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान झालं की पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंदपासून बरडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना तरुण मंडळांचे आणि एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) मुलामुलींचे सेवा मंडप लागतात. एरवी देवळाची पायरी न चढणारी पोरं इथे अनोळखी आजोबांचे पाय मांडीवर घेऊन बसतात. पाय चोळून झाले की आजोबा ‘माउली’ म्हणत त्या पोराच्याच पाया पडतात. ही सेवा मनापासून होते, यात शंका नाही. ती नेमकी किती उपयोगी पडते, ते पाहू.

पायांची सेवा सर्वांत सरस. चांगल्या मंडपात आधी कोमट पाण्याने पाय धुतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसतात, मगच तेल लावतात. पावसात भिजलेल्या पायांना चिखल्या झालेल्या असतात. तिथे तेल नको, बेचकी कोरडी करून बुरशीनाशक पावडर हवी. फोड आला असेल तर वरची कातडी सोलू नये, कारण तीच आतल्या जखमेचं झाकण असते. स्वच्छ करून गॉज लावावं, आणि पट्टी चपलेच्या पट्ट्याखाली येत नाही ना, ते बघावं. झणझणीत बाम तुटलेल्या कातडीवर चोळणं हा बऱ्याच मंडपांतला दोष. मधुमेह आहे का, हे विचारल्याशिवाय कढत पाण्यात पाय बुडवायला लावणं त्याहून वाईट. अशा पायांना अनेकदा चटका कळतच नाही आणि फोड उठतात. एकाच पोटरीला सूज, लाली आणि दुखणं असेल तर हात न लावता डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण शिरेत रक्ताची गाठ असू शकते.

मोठी उणीव बायकांसाठीच्या सोयीची. पुरुषांना पाय चोळून घ्यायला रांगा असतात, पण आडोसा आणि मुली स्वयंसेवक असलेले मंडप हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. जिथे आहेत तिथे म्हाताऱ्या माळकरी बायका निवांत बसतात. ज्या मंडळात मुली आहेत, त्यांनी आधी हेच करावं.

खाऊवाटप मात्र सुधारायला हवं. एका तासात तीन ठिकाणी केळी, चार ठिकाणी बिस्किटं, आणि टेम्पोतून फेकलेला लाडू पकडायला चालत्या दिंडीत झुंबड. दिंडीचा स्वयंपाक ट्रकबरोबर असतोच. कमी पडतं ते मीठ-साखरेचं पाणी: लिटरभर स्वच्छ पाण्याला चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर अपाय होतो. टँकरच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का, हे बघायची चाचणी) नळाच्या तोंडाशीच करावी. टँकर भरताना क्लोरीन असतं, वाटेत उन्हात ते उडून जाऊ शकतं.

वेळेचं गणितही चुकतं. तरडगावचा टप्पा छोटा, पण चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणापायी तासन्‌तास उभं राहावं लागतं. फलटणचा टप्पा वीसेक किलोमीटरचा. दोन्हीकडे मंडप दुपारी गजबजतात आणि संध्याकाळी आवरायला लागतात. खरी गरज समाजआरतीनंतर (पालखीतळावरची संध्याकाळची आरती), तंबूत परतल्यावर. या आरतीसाठी चोपदारांनी हातातला दंड (काठी) वर केला की हजारो माणसं गप्प होतात. त्या वेळी मंडपातला स्पीकर चालू असणं शोभत नाही.

आमचे गुण: पायांची सेवा पाचपैकी साडेचार, पाणी तीन, खाऊवाटप दोन, बायकांसाठीची सोय दीड. चप्पल शिवून देणारे कारागीर आणि मोफत दाढी करणारे नाभिक बांधव यांना पूर्ण पाच.

पुढच्या वर्षी उतरणार असाल तर आदल्या दिवशी एका दिंडीप्रमुखांना भेटा, त्यांच्या तंबूत किती माणसं आहेत आणि काय लागतं ते विचारा, आणि तेवढीच एक दिंडी लोणंद ते बरड धरून ठेवा. बरोबर गॉज, मोबाइल चार्जिंगचे बोर्ड आणि कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या घ्या; पांढरे सुती कपडे फाडून केलेल्या पट्ट्या नकोत.