कोल्हापुरीच्या तळात पुठ्ठा

अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ आणि परतीच्या गाडीआधी घाईघाईत चप्पल. फसवणूक होते ती या शेवटच्या अर्ध्या तासात. पहिल्या पावसात तळ फुगतो, कड उलते आणि दोन थरांमधून ओला पुठ्ठा डोकावतो. फोन केला तर उत्तर ठरलेलं: 'पाण्यात घातली असणार.'

ही सबब चालून जाते, कारण ती अर्धी खरी आहे. अस्सल कोल्हापुरीलाही पाणी सोसत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कित्येक आठवडे कमावलेलं म्हशीचं कातडं पाणी पितं, जड होतं, वाळल्यावर कडक होतं. पण त्याचा लगदा होत नाही. म्हणून 'वॉटरप्रूफ कोल्हापुरी' असं कुणी सांगितलं की त्या दुकानातून उठावं.

गिऱ्हाईक हाताला मऊ, वजनाला हलकी, चकचकीत जोडी उचलतं आणि नेमकं तिथंच फसतं. खरी चप्पल सुरुवातीला ताठ असते, अंगठ्याला चावते. पट्ट्याला गोडेतेल लावून आठ-दहा दिवस थोडी थोडी वापरली की मग पायाचा आकार घेते.

दुकानात चप्पल उलटी करून टाचेची कड उजेडात धरा. कडेला रंगाचा जाड लेप असेल तर नखानं खरवडा. आत तंतू दिसले आणि तपकिरी रंग आरपार असला तर ठीक. भुसभुशीत, कागदासारखे पापुद्रे सुटले तर पुठ्ठा. निळसर करडी झाक दिसली तर बहुधा क्रोममध्ये, म्हणजे सालीऐवजी रसायनात, कमावलेलं चामडं. ते चामडंच, पण 'बाभळीतलं' म्हणून त्या भावानं विकणं ही लबाडी.

मग शिवण. अस्सल जोडीत तळाचे थर चामड्याच्या वादीनं हातानं शिवतात आणि दोन्ही बाजूंचे कान (पट्टा ज्यांना जोडतात ते चामड्याचे तुकडे) त्या थरांमध्ये घालून टाके घेतात. नकलीत वर दिखाऊ नायलॉनचे टाके, आत डिंक आणि बारीक खिळे. छोटं लोहचुंबक कडेनं फिरवा. चिकटलं की कळलं. करकर वाजते म्हणून अस्सल, यावर मात्र विसंबू नका. तो आवाज मुद्दाम आणता येतो.

'ही अथणीची (बेळगाव जिल्ह्यातली), म्हणजे नकली' असं सांगून शेजारच्याचा माल पाडणारेही भेटतात. ते खोटं आहे. 2019 साली मिळालेल्या जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्यासोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. उलट जीआयचं नुसतं स्टिकर कुणीही छापू शकतो. नोंदणीकृत वापरकर्त्याचा क्रमांक मागा.

आणखी एक हातचलाखी: दाखवायची एक जोडी, बांधायची दुसरी. निवडलेल्या दोन्ही चपलांच्या तळाचा फोटो काढा आणि पिशवी हातात आल्यावर पुन्हा उघडून बघा. दोन्ही, कारण एक पाय अस्सल आणि दुसरा पुठ्ठ्याचा असंही होतं.

बिलावर 'फॅन्सी चप्पल 1 जोड' एवढंच खरडून देतात. तसं घेऊ नका. 'कोल्हापुरी, पट्टा व तळ चामड्याचा, हातशिलाई' असं लिहून मागा. लिहायला का-कू केली तर पैसे देऊ नका. दिलेच असतील आणि माल खोटा निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवताना तीच ओळ उपयोगी पडते.