भिंतीवरचा टीव्ही आणि लोंबत्या वायरी : झिरी, पट्टी की पॅनल?

टीव्ही विकत घेतला की कंपनीचा माणूस येतो, ब्रॅकेट मारतो, टीव्ही लटकवतो आणि निघून जातो. खाली लोंबणाऱ्या वायरींचं काय, हे मात्र आपल्यावर येतं. मार्ग तीनच : भिंतीत झिरी मारून पाइप गाडायचा, भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पट्टी न्यायची किंवा टीव्हीमागे पॅनल उभं करून सगळं त्याच्या पोटात घालायचं. बहुतेक जण फोटो बघून निवड करतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी बघाव्यात : भिंत कशाची आहे, आणि आत गेलेली केबल उद्या बाहेर ओढता येईल का.

भिंत ओळखायला ब्रॅकेटचं पहिलं भोक पुरतं. गिलाव्याचा थर ओलांडला की खाली पडणारी भुकटी बघा. लाल असेल तर वीट. पांढुरकी असेल आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे. करडी, बारीक भुकटी पडते आणि ड्रिल नुसतं किंचाळतं, तर काँक्रीट. पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या भिंती असतात. त्या सबंध काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. अशा भिंतीत झिरी मारायची नाही. कटर सळीपर्यंत पोचला, सळई उघडी पडली की तिला गंज धरतो. बिल्डरने दिलेला पॉइंट जिथे आहे तिथून पुढे पट्टी किंवा पॅनल, एवढाच पर्याय उरतो.

पट्टीला लोक उगाच नाक मुरडतात. भाड्याच्या घरात आणि काँक्रीटच्या भिंतीवर मी तीच सुचवेन. तिचं झाकण दाबून बसतं आणि ओढून निघतं, त्यामुळे एचडीएमआयचं, म्हणजे बॉक्समधून टीव्हीला चित्र आणि आवाज नेणाऱ्या केबलचं, जाड टोक कशातूनही ढकलावं लागत नाही. नवी केबल टाकायची तर झाकण काढा, ठेवा, परत दाबा. खर्च काही शे रुपयांचा. फक्त ती टीव्हीपासून खालच्या युनिटपर्यंत सरळ उभी न्या आणि भिंतीच्याच रंगाने रंगवा. तिरकी गेलेली पट्टी दहा फुटांवरूनही खुपते. दुहेरी टेपच्या भरवशावर मात्र राहू नका. डिस्टेंपरच्या भिंतीवरून टेप रंगाच्या पापुद्र्यासकट सुटतो. भिंतीच्या भोकात प्लास्टिकची गिट्टी मारून तीत स्क्रू लावा. विजेच्या वायरीला एक आणि केबलना दुसरी पट्टी ठेवा.

पॅनल दिसायला सगळ्यांत देखणं, आणि खर्च हजारांत. इथे फसायला होतं ते सुताराशी नीट न बोलल्यामुळे. पॅनल आणि भिंत यांत दीड-दोन इंचांची पोकळी हवी, आणि ब्रॅकेट जिथे येणार तिथे त्या पोकळीत भरीव लाकूड हवं. ते नसेल तर फास्टनर (ब्रॅकेटचे बोल्ट) आवळताना पॅनल आत दबतं. शिवाय फास्टनर पॅनलमधून आरपार जाऊन भिंतीत रुतलेच पाहिजेत. टीव्हीचं वजन प्लायवर सोडायचं नाही. एखादा तुकडा निघता ठेवायला सांगा, नाहीतर केबल बदलायला सगळं पॅनल खोलावं लागेल. भिंत बाहेरच्या बाजूची असेल आणि पावसाळ्यात ओल धरत असेल, तर पॅनलचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) मागून फुगतं. कोकणात तर हा विचार आधी करावा. आधी ओल काढा, मगच पॅनल. सेट-टॉप बॉक्स बंद खणात कोंडू नका. तो तापतो, आणि रिमोटलाही समोर मोकळी जागा लागते.

विटेची भिंत आहे आणि रंगकाम अजून व्हायचंय, तर मात्र झिरीला तोड नाही. झिरी उभी मारा. चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी मारली की भिंत कमजोर होते. पाइप दोन टाका, एक विजेचा आणि एक केबलचा. विजेच्या पाइपातून नेहमीच्या घरगुती वायरिंगची वायर नेऊन टीव्हीमागे पक्का सॉकेट काढा. टीव्हीसोबत आलेली लवचीक वायर भिंतीत गाडायची नाही. तिथे ती तापली किंवा चिरली तरी कळणार नाही. सॉकेट ब्रॅकेटच्या थोडा बाजूला ठेवा. टीव्ही आणि भिंत यांत जेमतेम इंचभर जागा असते, तीत तीन पिनांचा प्लग मावत नाही.

इलेक्ट्रिशियन सवयीने केबललाही २५ मिमीचा पाइप टाकतो. एचडीएमआयच्या टोकाचं प्लास्टिक जवळपास २० मिमी रुंद असतं. २५ हे पाइपाचं बाहेरचं माप, आणि वळणावर ते टोक हमखास अडतं. ४० किंवा ५० मिमीचा पाइप मागा, वळणाला काटकोनी एल्बोऐवजी लाँग बेंड (सावकाश वळणारा तुकडा) लावा आणि आत एक मोकळी तार ओढून ठेवा. पाइपाचे पैसे एकदाच जातात. केबल मात्र बदलतेच. ६० हर्ट्झवर फोर-के चित्राला सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी केबल लागते, नवे गेमिंग कन्सोल ४८ चीही मागतात. तांब्याची केबल १८ साठी पाच मीटरपर्यंत आणि ४८ साठी तीनच्या आसपास ठेवावी. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे तांब्याऐवजी प्रकाशतंतूंची केबल, घ्या. तिला दिशा असते : एक टोक बॉक्सचं, दुसरं टीव्हीचं. आत सरकवण्याआधी जमिनीवरच जोडून चित्र येतंय का बघा.

त्याच पाइपातून साउंडबारसाठी आणखी एक एचडीएमआय, डिशची कोॲक्सियल केबल आणि शक्य तर एक लॅन केबल जाऊ द्या. घरात सेट-टॉप बॉक्स नसेल आणि सगळं वाय-फायवरच बघत असाल, तर टीव्हीला फक्त विजेची वायर लागते. मग टीव्हीमागे एक सॉकेट काढला की काम झालं.

झिरी बुजवताना गिलाव्याआधी कोंबडीजाळी मारून घ्या, नाहीतर पाइपाच्या रेषेत भेग येते. आणि गवंडी थापी हातात घेण्याआधी भिंतीला मोजमापाचा टेप लावून, आकडे दिसतील असा फोटो काढा. पुढे ब्रॅकेट मारायला येणाऱ्याला तो दाखवायचा, म्हणजे ड्रिल नेमकं विजेच्या पाइपावर पडणार नाही.